राजीनामा सगळ्यात शेवटी

हात थरथरतो, परळच्या पुलावर पाय अडखळतो, डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात आणि माणूस राजीनामा लिहायला बसतो. थांबा. आधी पगाराची स्लिप काढा, ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जातोय का बघा. जात असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात. पार्किन्सन्स ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर पुढे ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. सर्टिफिकेट ईएसआयच्याच दवाखान्यातून घ्या, तारखांमध्ये खंड नको.

दुसरा धागा पीएफचा. ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना; तिच्या अपंगत्व पेन्शनला नेहमीची दहा वर्षं नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणी पुरते. पण अपंगत्व कायमचं, पूर्ण आणि नोकरीत असतानाच आलेलं हवं. मेडिकल बोर्ड तपासतं. अर्ज १०-डी.

आमच्या चाळीतल्या काकांनी आधी राजीनामा दिला. मग आजार नोकरीतलाच, हे दाखवता दाखवता त्यांचा जीव मेटाकुटीला आला. कामी आला तो एक चुरगळलेला केसपेपर. तुमच्या केसपेपरांचे आजच मोबाइलवर फोटो काढा, तारीख दिसेल असे.