मालवणात बोट घेताना रेटच्या आधी काय विचारायचं

मालवणच्या जेटीवर पोचलात की लगेच हाका सुरू होतात, किल्ला, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, स्कुबा, सगळं एकाच पॅकेजात, आणि आपण लगेच रेटवर घासाघीस करायला लागतो. रेटचं नंतर बघू. आधी घरच्यांशी बोलून ठरवा, किल्ला बघायचाय की समुद्रात फिरायचंय, कारण दोन्ही एकाच सकाळी कोंबलं की कात्री किल्ल्यालाच लागते.

किल्ला असेल तर पहिला प्रश्न, आत किती वेळ? साधारण तासाभराने परत बोलावतात आणि सिंधुदुर्गाचा तटच सुमारे ३ किलोमीटर आहे हो! १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आत शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हातापायाचे ठसे, चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड पाण्याच्या विहिरी दूधबाव, दहीबाव, साखरबाव, हे सगळं धावत बघायचं का? म्हणून सकाळी लवकरची बोट घ्या आणि त्याच तिकिटावर उशिराच्या बोटीने परत येता येईल का ते चढायच्या आधीच विचारून घ्या. जाताना पुढे बसा, महादरवाजा असा वळणात लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, मला तर किल्ल्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

डॉल्फिनसाठी देवबाग, तारकर्लीकडून सकाळीच निघा, दुपारनंतर वारं वाढतं, बोट हलते, लहान मुलांना उलट्या होतात. "शंभर टक्के दाखवतो" म्हणणाऱ्यापेक्षा डॉल्फिन दिसल्यावर इंजिन मंद करतो, मागे पळवत नाही म्हणणारा बोटवाला घ्या, प्लीज, त्या जिवांना त्रास नको. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा तिथे जायचं असेल तर ओहोटीची वेळ विचारा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, आजी-आजोबा बरोबर असतील तर ते दिवस टाळलेलेच बरे, बोटीत चढताना-उतरताना हाल होतात.

लाइफ जॅकेट नुसतं अंगावर अडकवू नका, पट्टे आवळा, मुलांच्या मापाचं मागून घ्या. बोट खचाखच भरलेली दिसली तर सरळ पुढची घ्या, जेटीवरचा माणूस कितीही घाई करू दे. आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यात बोटी बंद असतात, हॉटेल बुक करायच्या आधीच तारखा बघा.