टीव्हीची दुरुस्ती: पट्टी गेली, बोर्ड गेला की पॅनेल?

टीव्ही सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात दाखवला आणि ‘डिस्प्ले गेलाय’ एवढंच उत्तर मिळालं, तर लगेच मान डोलावू नका. चित्र न दिसण्यामागे तीन जागा असतात: उजेड देणाऱ्या पट्ट्या, चित्र तयार करून पुढे पाठवणारे बोर्ड आणि चित्र दाखवणारी काच, म्हणजे पॅनेल. पहिल्या दोन्हींची दुरुस्ती बहुतेकदा परवडते, पॅनेलची क्वचितच.

खोक्यावरच्या नावांनी उगाच गोंधळ होतो. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी हे सगळे मुळात एलसीडीच आहेत. काच स्वतः उजळत नाही, मागून दिवे लागतात. जुन्या एलसीडीत तिथं बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. ओएलईडी तेवढा खरोखर वेगळा, त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. प्लाझ्मा घरात असेल तर त्यावर पैसे घालू नका, मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या आसपासच त्याचं उत्पादन थांबवलं. पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत तर बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज उरतो. तो घरी उघडायचाच नाही.

दुकानात नेण्याआधी एवढं पाहा. आवाज येतोय पण पडदा काळा आहे? खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च काचेला तिरका, अगदी जवळ धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल ठीक आहे आणि उजेडच गेलाय: बहुतेकदा पट्टी, कधी तिला वीज देणारा ड्रायव्हर. (ओएलईडीला ही युक्ती लागू नाही.) पडदा उजळलाय पण कोरा, करडा किंवा पांढरा आहे, तर टीकॉन बोर्ड (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) किंवा त्याची चपटी केबल आधी तपासायची. उभ्या रेघा दिसत असतील तर रिमोटने मेनू उघडा. रेघ मेनूवरही दिसली म्हणजे दोष सेटटॉप बॉक्समध्ये नाही, टीव्हीतच आहे, आणि बहुधा पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या, सिग्नल नेणाऱ्या पातळ फितीचा. शाई सांडल्यासारखा डाग किंवा कोळ्याचं जाळं असेल तर काच फुटली, तिथं दुरुस्तीचा विषय संपला. पडद्यावर टॉर्च मारल्यासारखे गोल पांढरे ठिपके मात्र दिसतात भयंकर आणि निघतात किरकोळ. उष्णतेने डिंक सुकून एलईडीवरचं भिंग गळून पडलेलं असतं, ते परत चिकटवता येतं.

सगळ्यात जास्त काम निघतं ते पट्ट्यांचं. पट्टीवरचे एलईडी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक जरी तुटला तरी सगळी ओळ विझते, ड्रायव्हर संरक्षणासाठी बंद पडतो आणि पडदा क्षणभर उजळून काळा होतो. नीट काम असं होतं: प्लग काढून थोडा वेळ थांबायचं, टीव्ही जाड चादरीवर पालथा ठेवायचा, मागचं झाकण काढायचं, टीकॉनकडे जाणाऱ्या केबल सोडवायच्या. मग चौकट काढून काच उचलायची. ४३ इंचाच्या पुढे हे दोघांचंच काम. कडेच्या फितींवर जराही ताण आला तर पट्टीच्या कामात पॅनेल जातं. खालचे पांढरे कागद ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाले तसेच परत बसले पाहिजेत, नाहीतर उजेड डागाळतो. पट्टीवरचा एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, हे मोजूनच नवी घ्यायची. बदलायचा तो पूर्ण सेट. एकच एलईडी बदलून दिला तर शेजारचे तितकेच थकलेले असतात, थोड्या महिन्यांत तेच काम परत निघतं. जाणकार मेकॅनिक ड्रायव्हरचा करंट थोडा कमीही करून देतो. उजेड जरा उतरतो, पण पट्टी टिकते.

क्यूएलईडीत एक फसवणूक होते, कधी अजाणताही. त्यातल्या बहुतेक सेटमध्ये मागचे एलईडी निळे असतात आणि पुढची क्वांटम डॉटची फिल्म त्यातून बाकीचे रंग काढते. तिथं साधी पांढरी पट्टी बसवली की उजेड येतो, पण रंग बिघडतात. उलट साध्या एलईडी टीव्हीत पडदा हळूहळू निळा-जांभळा होत गेला असेल तर पट्टीचा पिवळा थर जळालाय, पॅनेल नाही.

खर्चाचा अंदाज, मजुरीसकट आणि ढोबळ. ३२ इंचीला पट्ट्यांचा सेट १,००० ते २,००० रुपये, ४३ इंचीला २,००० ते ३,५००, ५५ इंचीला ३,५०० च्या पुढे. पॉवर सप्लायमध्ये फुगलेला कपॅसिटर किंवा उडालेला फ्यूज पाचशे-हजारात निघतो. टीकॉन १,५०० ते ३,०००. मेन बोर्ड मॉडेलवर अवलंबून. लोगोवरच अडकून पुन्हा पुन्हा चालू होणाऱ्या स्मार्ट टीव्हीत मात्र बोर्ड बदलण्याआधी सॉफ्टवेअर किंवा मेमरी चिप तपासायला सांगा. फिती चिकटवण्याचं बाँडिंगचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. सेट पुण्याला जाणार का, हे आधीच विचारा. आणि रेघ परत येणार नाही याची हमी सहसा कुणी देत नाही, तेव्हा जुन्या ३२ इंचीवर हा खर्च करू नये. नवं पॅनेल बहुतेकदा नव्या टीव्हीच्या निम्म्याच्या वर जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने तो हिशोब आणखीच जुळत नाही. दुरुस्ती नव्या सेटच्या एक तृतीयांशापलीकडे गेली की थांबावं, असं आमचं मत.

ओएलईडीत पट्टीच नाही, त्यामुळे स्वस्त दुरुस्तीही फारशी नाही. वृत्तवाहिनीचा लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याची सावली कायमची उमटू शकते. हे टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पॅनेलची स्वतःच दुरुस्ती करत असतात. भिंतीवरचं बटण लगेच बंद करायची आपली सवय इथं नडते. मिनी एलईडीत मागे शेकडो-हजारो बारीक दिव्यांचे बोर्ड असतात, सुटा पार्ट स्थानिक बाजारात मिळणं कठीण.

सोलापुरात टीव्हीला मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, वर पत्रा, आणि सेट भिंतीला चिकटवलेला. मागे चार बोटं तरी जागा सोडा. दुकानातल्या झगझगीत मोडमधून बाहेर या आणि मेनूतला बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा. अनेक सेटमध्ये ब्राइटनेस कमी केल्याने फक्त काळा रंग बदलतो, पट्टीला आराम मिळत नाही. पूर्व भागात माग चालतात तिथं सुताचं तूस मागच्या जाळीत बसतं, ते कोरड्या मऊ ब्रशने काढत चला. काचेवर पाणी किंवा स्प्रे थेट मारू नका. ओघळ खालच्या चौकटीत उतरून फिती गंजतात आणि महिन्याभराने रेघा येतात. विजेच्या जोडणीतली न्यूट्रल तार सुटली तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. तेव्हा फ्यूज आणि व्हॅरिस्टर (जादा दाब अंगावर घेणारा भाग) जळतात, तेवढ्यावर भागलं तर नशीब. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची केबलही काढा, एचडीएमआय पोर्ट बहुधा तिच्यामुळेच उडतो.

दुकानात देताना मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. पट्टीच्या कामात पॅनेल फुटलं तर भरपाई कुणाची, जुन्या पट्ट्या परत मिळणार का, हमी किती महिन्यांची, हे पावतीवर लिहून घ्या. नेताना टीव्ही उभाच ठेवायचा. रिक्षात काच सीटच्या पाठीकडे करा, मध्ये गादी किंवा चादर घाला आणि धरायचं ते खालच्या चौकटीला, काचेवर बोटांचा दाब नको. बार्शी-मोहोळहून एसटीने आणणार असाल तर त्याआधी मेकॅनिकला टॉर्चच्या तपासणीचा व्हिडिओ पाठवा, काच फुटली असेल तर तो फेरा वाचेल.