जनावराची कावीळ : या चुका टाळा

गाईचे डोळे पिवळे दिसले की कोणी पाला पिळून पाजतो, कोणी सळई तापवून डाग देतो. डागाने कावीळ उतरत नाही. आधीच रक्त कमी झालेल्या जनावराला जखम होते आणि तिच्यात किडे पडतात, एवढंच.

मूळ चूक कावीळ हाच रोग समजण्याची. ते लक्षण आहे. तांबड्या पेशी फुटल्या, यकृत बिघडलं किंवा पित्ताची वाट अडली, की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य अंगात साठतं. तिन्हींचे उपचार वेगळे, म्हणून नुसतं लिव्हर टॉनिक पाजत बसण्यात दिवस वाया जातात.

गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली डोळे तपासू नका, जनावर उजेडात आणा. जर्सीच्या कानाची आतली कातडी मुळातच पिवळसर असते. पापणीची आतली बाजू आणि हिरड्या बघा.

मग लघवी. संकरित गाईला ताप आणि कॉफीसारखी लघवी असेल तर गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियाचा (रक्तातल्या जंतूचा एक गोचीड ताप) संशय घ्यावा. पण लघवी लाल नाही म्हणून गोचीड ताप नाही, असं समजू नका. अॅनाप्लाज्मा या दुसऱ्या गोचीड तापात पेशी मुख्यतः प्लीहेत मोडतात, त्यामुळे जनावर पिवळं पडतं, लघवी मात्र लाल होत नाही. थायलेरिया या तिसऱ्या गोचीड तापात खांद्यापुढची गाठ सुजते. तिघांची औषधं निराळी, म्हणून इंजेक्शन देण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडतीलच असं नाही.

जास्त दुधाची म्हैस विऊन २ ते ४ आठवडे झालेत, ताप नाही, तरी लघवी लाल? तिथे बहुधा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलेलं असतं. गोचीड तापाचं इंजेक्शन तिथे फुकट जातं.

चारा आटला की जनावरं घाणेरीला (टणटणी) तोंड लावतात, त्यातही बाहेरगावाहून नवी आणलेली जास्त. तिच्या विषाने यकृतातून पित्त वाहायचं थांबतं. हिरव्या चाऱ्यातून तयार होणारं एक द्रव्य एरवी पित्तावाटे बाहेर पडतं, ते आता कातडीत साठतं आणि उन्हात कातडी भाजते, तीही पांढऱ्या ठिपक्यांवरच. लोक त्वचारोग समजून मलम लावतात आणि जनावर उन्हातच बांधलेलं! आधी सावलीत घ्या. शिवाय पोट मंदावल्याने खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष झिरपत राहतं. पोट रिकामं करण्याचा निर्णय डॉक्टरांना लवकर घेऊ द्या.

मेंढ्यांना गाईचं खनिज मिश्रण देणं हीही एक महाग चूक. त्यातलं तांबं त्यांच्या यकृतात कित्येक आठवडे साठतं आणि एक दिवस एकदम रक्तात उतरतं. काल चरणारी मेंढी आज पिवळी, लघवी काळपट, आणि बहुतेक वेळा हाती लागत नाही.

लघवीचा नमुना घेताना हातमोजे घाला. कावीळ लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या रोगाची असेल तर तो लघवीतून माणसाला लागतो.