फोर-टी (फोर-स्ट्रोक दुचाकीच्या) ऑइलच्या डब्यावरचं काय खरं धरायचं?

साताऱ्यात गोडोलीतल्या माझ्या गॅरेजवर गिऱ्हाईक स्वतःचं ऑइल घेऊन आलं की डब्याची पुढची बाजू मी बघतच नाही. तिथे मोटरसायकलचं चित्र, ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ आणि सोनेरी शिक्का. असला शिक्का कुठलाही छापखाना छापून देतो. डबा फिरवा, मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा असेल तर लावा.

आधी ‘जासो’ हे जपानी दर्जाचं नाव शोधा. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात चालतात. जासो टी ९०३ या जपानी मानकात एमए, एमए१, एमए२ हे अशा ओल्या क्लचसाठी; एमबी कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी. एमबी मोटरसायकलमध्ये ओतलं की यवतेश्वरच्या घाटात डबलसीट गाडी नुसती रेस होते, ओढत नाही. मग "काका, क्लचप्लेटा गेल्या वाटतं" म्हणत पोरं येतात.

खरी मेख पुढे आहे. नुसतं ‘जासो एमए२’ कुणीही छापतं. कंपनीने रीतसर नोंद केली असेल, तर छोटी चौकट असते: तीत एमपासून सुरू होणारा क्रमांक, वर्ग, आणि या दर्जाची हमी कंपनी देते अशी इंग्रजी ओळ. नोंदलेल्या ऑइलांची यादी इंटरनेटवर मिळते, तीत नाव बघा. आता हेही ऐका, चौकट आहे म्हणजे जपान्यांनी तुमचा डबा तपासून पास केला असं नाही. हमी कंपनीचीच. तरी क्रमांक देऊन हमी घेणारा आणि गुपचूप दोन अक्षरं छापणारा, मी दोघांना एका मापाने मोजत नाही.

अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेचं चिन्ह मेदुवड्यासारखं गोल. वरच्या कडेला एसएल, एसएन असा दर्जाचा वर्ग, मध्ये १०डब्ल्यू-३०सारखा जाडपणाचा ग्रेड. हे परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि परवानेवाल्यांची यादी एपीआयच्या साइटवर आहे. ‘मीट्स एपीआय एसएन’ मात्र कंपनीचं स्वतःचं म्हणणं. गोलाच्या आत एसएफ किंवा एसजी दिसलं तर डबा परत करा. त्या जुन्या वर्गांना परवाना मिळतच नाही. गोलाबाहेर साध्या अक्षरांत एसजी असेल तर लगेच खोटं ठरवू नका, मोटरसायकल ऑइलवर ते अजून लिहितात. खालच्या कडेला ‘रिसोर्स कन्झर्विंग’ (इंधन वाचवणारं) असलं तर ते कारसाठी सोडा, क्लच घसरायची भीती असते.

‘आयएसओ ९००१’ हे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, आतल्या ऑइलचं नव्हे. ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’वर तर वेळच घालवू नका.

मग गाडीचं मॅन्युअल काढा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० एमए, अ‍ॅक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० एमबी, एन्फिल्डला १५डब्ल्यू-५० एमए२. मॉडेलप्रमाणे थोडं बदलतं, म्हणून माझ्यावरही विसंबू नका. दुकानदार म्हणेल, "दादा, सगळे हेच नेतात." नेऊ देत.

पक्कं बिल घ्या, लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. दावा खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हेच लागतं. चुकीचं ऑइल आधीच पडलं असेल तर गरम इंजिनवर पूर्ण काढा, बरोबरचं भरा आणि थोडे दिवस चालवून बघा. तरीही क्लच सरकत राहिला, तर मात्र प्लेटा उघडाव्या लागतील.