स्लेनचा पूल पाहायचा तर खाली उतरा

मी नागपूरला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. रिटायर झाल्यावर आयर्लंडात डब्लिनला लेकीकडे दोन महिने राहून आलो. आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली पोरांकडे तिकडे जातात अन् मॉल पाहून परततात. बाप्पा, एक दिवस तरी स्लेनला द्या. डब्लिनच्या उत्तरेला ५० किलोमीटरच्या आसपास, मीथ परगण्यात, बॉइन नदीवर.

गेल्या गेल्या पुलाकडे धावू नका. आधी गावामागची टेकडी चढा. इ.स. ४३३ मध्ये आयर्लंडात ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकने इथं ईस्टरची आग पेटवली, अशी आख्यायिका आहे. वर १५१२ च्या फ्रान्सिस्कन मठाचे पडके अवशेष आहेत आणि वारा असा, की छत्री उलटीच होते. कानटोपी न्या. नागपुरी उन्हाची सवय तिथं काही कामाची नाही.

मग चौकात या. चार कोपऱ्यांवर चार सारखीच दगडी घरं. एकमेकींवर डोळा ठेवायला चार भांडकुदळ बहिणींनी बांधली म्हणे. मला ही गोष्ट पटली नाही, पण ऐकायला मजा येते.

इथून पुलाकडचा उतार लागतो. जपून उतरा. उतार खडा, पूल अरुंद, तोही वळणावर, आणि वरून ट्रक येतात. इथं अपघातात कितीतरी जीव गेलेत. पुलावर थांबून फोटो काढायचा मोह टाळा. पलीकडे जाऊन जुन्या कालव्याकाठच्या पायवाटेवर उतरा. तिथून कमानी एका नजरेत येतात, आणि समोरच्या काठावर अठराव्या शतकातली पिठाची गिरणी. पूल मूळचा मध्ययुगीन, पुढे डागडुजी अन् वाढ झालेला. कामठीला कन्हानचा जुना दगडी पूलही मी असाच पात्रात उतरून बघायचो; खांब पाण्याला कसा तोंड देतो, ते वरून कळतच नाही. मी तासभर बसलो. लेक कंटाळली.

वेळ उरला तर न्यूग्रेंज बघा: इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची दगडी समाधी, १९ मीटरचा बोळ. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी पहाटेचं ऊन थेट आत शिरतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. समाधी नदीच्या उत्तरेला, पण जायचं दक्षिणेकडच्या अभ्यागत केंद्रातून, त्यांच्याच बसनं.

आणि परतीची शेवटची बस सकाळीच विचारून ठेवा. दुसऱ्या खेपेला मी एकटाच गेलो, विचारलं नाही. मग जावयाला ऑफिसातून गाडी घेऊन यावं लागलं.