जालन्याच्या भट्टीसाठी जहाजाचे भंगार घेताना

मराठवाड्याला समुद्र नसला तरी जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार सतत लागते. व्यापाऱ्याने गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडलेल्या जहाजाचा माल देऊ केला, तर तो स्वच्छ आहे का हे पाहणे खरेदीदाराच्याच हिताचे असते. पत्रा कापून ट्रकमध्ये भरला गेला की तो कोणत्या जहाजाचा हे ओळखता येत नाही, म्हणून ही चौकशी भाव ठरण्याआधी करावी.

जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग करार २००९ साली झाला आणि २६ जून २०२५ रोजी अमलात आला. भारताने २०१९ मध्येच त्यात सामील होऊन स्वतंत्र कायदाही केला. त्यामुळे तोडणीच्या प्लॉटचे (किनाऱ्यावर जहाज तोडण्याच्या जागेचे) अधिकृतता प्रमाणपत्र, जहाजावरील घातक पदार्थांची यादी आणि तोडणीचा आराखडा मागण्यात संकोच बाळगू नये. मात्र केवळ यादीवर समाधान मानू नये. जहाजावर ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे उष्णतारोधक तंतुमय खनिज, कोठे आणि किती होते एवढेच ती सांगते. ते पुढे कोठे गेले हे घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवरून, म्हणजे कचरा कोणी कोणाकडे पाठवला याच्या नोंदपत्रावरून, कळते, आणि माझ्या मते खरा कागद तोच.

माल आवारात आल्यावर आधी बंद नळ्या, टाक्या आणि सिलिंडर वेगळे काढावेत. आत हवा किंवा पाणी कोंडलेला तुकडा इंडक्शन भट्टीत (विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत) पडल्यास स्फोट होऊन वितळलेले लोखंड कामगारांवर उडते. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे गॅस कटर चालवण्यापूर्वी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडावा, त्याचा चुरा वेगळ्या पिंपात ठेवावा आणि कामगाराला शिशाच्या धुरासाठी योग्य असा मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे.

नळीला तंतुमय आवरण चिकटलेले दिसल्यास ते ॲस्बेस्टॉस समजूनच वागावे, कारण नुसत्या डोळ्यांनी त्याची खात्री होत नाही. ते फोडू किंवा कोरडे झाडू नये. पाण्याने भिजवून दुहेरी प्लास्टिक पिशवीत बंद करावे, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि उरलेले अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच सोपवावे.

तांब्यासाठी केबल जाळणे तर पूर्णपणे टाळावे, कारण केबलवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होते. साल काढण्याचे यंत्र त्यासाठी पुरेसे आहे.

तेलकट माल छताखाली, काँक्रीटच्या फरशीवर ठेवावा. उघड्या मातीवर टाकल्यास पहिल्याच पावसात तेल नाल्यातून विहिरींकडे जाते, आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या भागात खराब झालेली विहीर परत मिळवणे फार कठीण असते. गळलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला द्यावे.

उतरवण्यापूर्वी प्रत्येक गाडी किरणोत्सार मापकाने तपासावी. आकडा परिसरातील नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे जास्त आला, तर माल न हलवता गाडीभोवती कोणालाही फिरकू देऊ नये आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे.