टीसी मागण्याआधी

दोन-चार विषयांत बॅक लागले, वर्ष डाऊन झालं, आता हे कॉलेज नको, असं ठरलं की बहुतेक जण थेट ऑफिसात जाऊन टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, मागतात. तोच कागद सगळ्यात शेवटी घ्यायचा. टीसी निघाली की कॉलेजच्या पटावरून नाव जातं. पुढे पुनर्मूल्यांकनात एखादा विषय सुटला, तरी त्याच वर्गात परत बसायला खटपट करावी लागते.

आधी नियमाचा कागद मिळवा. नागपूर विद्यापीठात परीक्षेचे आणि एटीकेटीचे, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचे, नियम अभ्यासक्रमागणिक निघणाऱ्या डायरेक्शन नावाच्या आदेशांत असतात. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेलं डायरेक्शन विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सिनियरनं सांगितलेलं गणित एनईपीच्या, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या, बॅचला लागेलच असं नाही. स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. तिथे प्रोबेशनचं, म्हणजे गुण सुधारण्याची मुदत देणारं, पत्र आलं असेल, तर किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी), कोणत्या सेमिस्टरपर्यंत आणि तोवर किती विषय घेता येतील, या तीन गोष्टी पत्रावर खूण करून ठेवा. एमबीबीएसचं वेगळं: पहिल्या व्यावसायिक परीक्षेला जास्तीत जास्त ४ प्रयत्न आणि अभ्यासक्रमाला एकूण ९ वर्षं.

मग क्रेडिट मोजा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण असेल, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. ३ वर्षांच्या आत परत येऊन एकूण ७ वर्षांत पदवी संपवायची. काठावर अडकलेल्यानं रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा उरलेले क्रेडिट पूर्ण करून मगच निघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्रेडिट एबीसी, म्हणजे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन बँकेच्या, खात्यात चढलेत का, हे डिजिलॉकरवर स्वतः बघा. कॉलेजनं चढवलेच नसतील, तर पटावर असतानाच चढवून घेणं सोपं जातं.

पैशाचा सगळा खेळ तारखेचा. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज दिला, तर १०० टक्के फी परत. त्यातून कापायची रक्कम ५ टक्क्यांपर्यंत, तीही ५,००० रुपयांच्या वर नाही. त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी दिला तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, पुढे ३० दिवसांपर्यंत ५०, मग शून्य. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीच्या तारखा काढते, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक बघा. सीईटी सेलच्या कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून) इंजिनीअरिंगला गेलेल्यांना नुसता कागदी अर्ज पुरत नाही, लॉगिनमधूनही प्रवेश रद्द करावा लागतो, आणि एकदा तो सबमिट झाला की जागा गेलीच. निकालानंतर सोडणाऱ्यानं चालू वर्षाच्या फीमागे लागू नये. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळते, ती सोडू नका. कोणताही अर्ज दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का. तो शिक्का नसेल तर टक्केवारी कोणत्या दिवसापासून मोजायची, यावरच वाद होतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर अर्जाआधी बँकेत जा. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला अनुदान मिळत नाही. आजारपणामुळे सोडलं असेल तर मिळू शकतं, पण त्याचे कागद लागतात. म्हणून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून उपचार झाले असतील तर केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा जुना शिष्यवृत्ती अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, हेही याच वेळी विचारून घ्या.

आता नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या सह्या: ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, अकाउंट्स. मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कॉलेजनं अडवून ठेवायचा नसतो, आणि पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागायची नसते. दोन्ही गोष्टी यूजीसीच्या त्याच २०१८ च्या अधिसूचनेत आहेत. तरी अडवलं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिला १५ कामाचे दिवस मिळतात, आणि निर्णय पटला नाही तर तो हाती आल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं.

पुढचं कॉलेज वर्धा, भंडारा किंवा गोंदियाचं असेल आणि नागपूर विद्यापीठाचंच असेल, तर टीसीवर भागतं. चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात आहे, तिकडे जायचं तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखलाही, लागेल. त्यासाठी टीसी जोडावी लागते, तेव्हा आधी तिच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.